दादाचा मराठीचा पेपर

बाबा गेल्यावर दादाने शाळा सोडून घरचा हातमाग धरला. सत्तरच्या दशकातले नागपूर, आमची विणकरांची गल्ली. मॅट्रिकला तो दोनदा बसला आणि दोन्हीदा एकट्या मराठीत नापास झाला. कचेरीतल्या कारकुनीसाठी मॅट्रिक हवे होते आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच खेप होती.

मी तेव्हा मास्तरीण व्हायला शिकत होते. मास्तरकी मात्र अंगात आधीच शिरली होती. दादा विणायचा, मी बाजूला पुस्तक धरून बसायचे. 'सुताराने खुर्ची केली' यात तो हमखास खुर्चीलाच कर्ता ठरवायचा.

"'केली' तं खुर्चीसंगं जाऊन राहिली. मंग कर्ता सुतार काहून?"

प्रश्न रास्त होता. मी डाफरले, "करणारा कोण? जो करते तो कर्ता!"

आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आपल्या घरचा कर्ता हाच." मी म्हणायचे, ते पेपरात चालत नाही.

महिनाभराने त्याला जमले. विणता विणता आपणच वाक्ये करायचा. "शेजारणीनं भांडे घासले. घासणारी शेजारीण. बरोबर नं वं?" मला तर आभाळ ठेंगणे झाले.

पेपरच्या सकाळी शेजाऱ्यांची पाजण निघाली. म्हणजे ताणा, मागावरचे उभे धागे, गल्लीभर ताणून त्याला खळ पाजायची. त्याला घरटी एक माणूस लागतो, आणि खळ वाळेस्तोवर कुंचा सोडता येत नाही, नाहीतर धागे चिकटतात. मी ओरडले, "दादा, जाऊ नको गा!" तो म्हणाला, होते तासाभरात.

दुपारी तो घरी आला. पेपर चांगला गेला म्हणाला. आईने देवापुढे साखर ठेवली.

चार दिवसांनी त्याच केंद्रावर पेपर दिलेल्या एकाने मला सांगितले की दादा पोचला तेव्हा फाटक बंद झाले होते. मी तडक दादाला गाठले. तो मान खाली घालून म्हणाला, "मी गेलो नसतो तं आपल्या पाजणीले कोण आलं असतं? आईले सांगू नको. जेवणार नाही थे."

मी सांगितले नाही. निकालाच्या दिवशी आईने वर्तमानपत्र आणून माझ्या मांडीवर ठेवले आणि शेजारी बसली. मी पास झालेल्यांच्या नंबरांच्या त्या बारीक आकड्यांवरून बोट फिरवत राहिले. पान संपले.

आई म्हणाली, "नीट पाय वं. असन तठीच."

मी पुन्हा वरपासून सुरुवात केली.