नानांच्या गाडीचं मागचं फुटरेस्ट

मोटारसायकलवर लिहिलंय म्हटल्यावर तुमच्या डोळ्यापुढे घाट, ढग, गॉगल असं काहीतरी आलं असेल. ठेवून द्या परत. यात गाडी बहुतेक वेळ स्टँडवरच उभी आहे. आणि गोष्ट आहे तिच्या मागच्या फुटरेस्टची. मागचा माणूस पाय ठेवतो ना, तेच. त्यात काय लिहायचं, असं म्हणाल. मला पण आधी तसंच वाटलं होतं.

मी जळगावात मेहरूणला खोली घेऊन राहतो, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. आई आणि नाना धुळ्याला. नाना म्हणजे माझे वडील. ठिबकच्या नळ्या बसवायची कामं घेतात, त्यामुळे जळगावला येत-जात असतात. आले की माझ्याकडे चहा ठरलेला.

तर एका दुपारी मेहरूणच्या तलावाकडून येताना वेल्डिंगच्या दुकानापुढे नानांची गाडी दिसली. सीटवरची चिकटपट्टी मीच लावलेली, ओळखायला किती वेळ? फोन लावला. म्हटलं, "नाना, कुठे?"

"मी? मी तं धुयामाच शे."

म्हणे धुळ्यातच! आणि वेल्डिंगचा चर्र आवाज मला दोन्ही कानांनी ऐकू येत होता. एका कानात फोनमधून, दुसऱ्यात समोरून.

मी गपकन उसाच्या रसाच्या गाडीमागे गेलो. थोड्या वेळानं नाना दुकानातून बाहेर आले. उकिडवे बसले, मागचं फुटरेस्ट हातानं दाबून बघितलं, मग स्वतः मागच्या सीटवर बसले आणि पाय ठेवून बघितले. एकटाच माणूस, उभ्या गाडीवर, मागच्या सीटवर! मग शेजारी चहा प्यायला गेले. चहा! माझ्याशिवाय!

मी जाऊन गाडी बघितली. आई साडीवर, एका अंगाला बसते. आमच्याकडे तिच्या वयाच्या सगळ्या बाया तशाच बसतात. त्यासाठी गाडीला डावीकडे लांबडी पट्टी असते, दोन्ही पाय एकीकडे ठेवायला. ती पट्टी कापून खाली पडली होती. तिच्या जागी दोन्ही बाजूंना नवीन रुंद फुटरेस्ट, वर जाड रबर, आधीपेक्षा खाली आणि जराशी पुढे. उजवीकडे सायलेन्सरवर चटका लागू नये म्हणून पत्रा. आता तुम्हीच सांगा, एका अंगाला बसणाऱ्या बाईचा पाय सायलेन्सरकडे जातो का कधी?

शिवाय आईचं गाडीवर बसणं तर बंदच झालं होतं. तिची मोठी बहीण, माझी मावशी, सोनगीरला एकटीच राहते; पोरगी लग्न होऊन लांब सासरी. न्हाणीत पडली आणि खुबा मोडला. तिला आंघोळ घालायला आई धुळ्याहून दर दोन-तीन दिवसांनी जायची. आधी नानांच्या मागे बसून. पण तसं वाकडं बसून हायवेचे धक्के खाता खाता तिचीच कंबर गेली. मग बस सुरू झाली. बसमध्ये जागा मिळेल तर शपथ. उभ्यानं जायची, उभ्यानं यायची, आणि घरी भिंत धरून चालायची. ती नाही गेली तर मावशी तशीच पडून राहणार, म्हणून जायची.

मग ही गादीवाली फुटरेस्टं कोणासाठी?

नक्कल करणं हा माझा जुना आजार. शाळेत मुख्याध्यापकांच्या आवाजात मी एकदा सुट्टी जाहीर केली होती. पोरांना सुट्टी मिळाली, मला प्रसाद. नानांचा आवाज तर डाव्या हातचा खेळ: आधी खोकला, मग "हां, तर काय म्हनतो मी." दोन दिवसांनी त्या वेल्डिंगच्या दुकानाच्या पाटीवरचा नंबर फिरवला.

"हां, तर काय म्हनतो मी, मिस्तरी, पाय बराबर येतील ना?"

"नाना, तुम्ही बसून बघितलं ना! बाईंच्या मापानंच खाली घेतलंय. त्या दिवशी गुडघा पार वर येत होता त्यांचा."

"त्या दिवशी?"

"ड्रेसवर आल्या होत्या तेव्हा. टांग टाकायला किती घाबरत होत्या! दोनदा पाय सीटलाच अडकला. तुमचा खांदा काही सोडेनात. आणि तुमच्या पोराचं टेन्शन घेऊ नका. माझ्या तोंडून एक अक्षर जाणार नाही."

माझ्या हातून एका गिऱ्हाईकाच्या मोबाईलचा स्क्रू पडला तो सापडलाच नाही. ड्रेस! आमच्या घरात ड्रेस आहेच कोणाकडे?

रविवारी सकाळच्या बसनं धुळ्याला गेलो. गाडी दारात, आणि मागच्या दोन्ही फुटरेस्टवर गोणपाट गुंडाळलेलं. नाना अंघोळीला गेलेले. आई भाकरी थापत होती. बाजूला शेजारच्या अक्का विरजण मागायला येऊन बसल्या होत्या. मी हळू बोलायचं ठरवलं होतं, पण माझं हळू म्हणजे तुम्हाला कल्पना आली असेल.

"आई, नानांच्या गाडीवर कोणी बाई बसते. ड्रेसवाली."

थापता हात थांबला. मला वाटलं आता भडका उडेल. ती म्हणाली, "बरी दिसस का ती?"

हा काय प्रश्न झाला? मला वाटलं, बिचारीला धक्का बसला. तिला हसवावं म्हणून मी ज्वारीचं पोतं आडवं केलं आणि त्या बाईची नक्कल सुरू केली. पाय उचलला, अडकला, "अगं बाई" केलं, पुन्हा उचलला, खांद्याऐवजी दाराची कडी धरली. अक्का डोळ्यात पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या,

"या वयमा टांग टाकस! लाज शे का तिले?"

आई हसली नाही. तव्यावरची भाकरी करपली. आईची भाकरी करपलेली मी पहिल्यांदा बघितली.

जेवणं झाल्यावर नानांनी गोणपाट सोडलं, फुटरेस्ट पुसलं आणि हाक मारली, "चाल वं, निंघ."

आई आतूनच म्हणाली, "माले नही जानं. आज नही, कधीच नही."

"आन् बहिनले कोन धुई?"

नाना फुटरेस्टकडे बघत राहिले. मग आडव्या पोत्याकडे. मग माझ्याकडे.

"तू काय करं?"

मी सांगितलं. नानांनी डोक्याला हात लावला. "गधडा! तुनी मायच शे ती बाई! डॉक्टर म्हने, वाकडं बसानं नही. मंग तुनी मावशीनी पोरीना जुना ड्रेस घालीसन, बसनी जळगावले उनी ती, टांग टाकानं शिकाले. कारण आठे, धुयामा, गल्ली हासस. आन् तुले का नही सांगं? तू नक्कल करशी म्हनीसन!"

आयुष्यात पहिल्यांदा कोणाचाच आवाज काढावासा वाटेना.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. मावशी होती. पलीकडचं ऐकू आलं नाही, आईचं आलं. "हा... नही, इसरनू नही... हा, येस मी."

आतलं दार लागलं. उघडलं तेव्हा आई ड्रेसवर होती, ओढणी कमरेला खोचलेली. अक्का त्यांच्या ओट्यावर, आणखी दोन बाया त्यांच्या शेजारी. आईनं कोणाकडे बघितलं नाही. नाना पुढे बसले, मी मागून गाडी धरली. तिनं नानांचा खांदा धरला, पाय उचलला. अडकला. ओट्यावरून कोणीतरी खुसखुसलं. तिनं पुन्हा उचलला आणि बसली. दोन्ही पाय रबरावर सपाट टेकले, गुडघे खाली, पाठ सरळ. कितीतरी दिवसांनी तिला सरळ बसलेलं बघितलं मी.

मग ती माझ्याकडे वळली.

"हासनं व्हई तं आत्ते हास, मन्हा तोंडवर! बापवर संशय लेस, लाज नही वाटनी? ते पोतं जागावर ठेव, ज्वारी सांडेल शे सारी. आन् त्या मिस्तरीले फोन लाव. सोताना आवाजमा! सांग त्याले, बाईना पाय बराबर बठनात म्हनीसन."