पाठीला हात

राग धरून ठेवायला ताकद लागते, आणि ती माझ्यात पहिल्यापासून आहे. घरचे म्हणतात, आता या वयात सोडून द्यावं. ज्याच्याबद्दलचा राग सोडायचा तो माणूस इथंच, हैदराबादच्या विद्यानगरात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. सकाळी काठी घेऊन फिरायला निघतो आणि मी समोरून येताना दिसलो की रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं चालायला लागतो. त्याला एवढं सगळं आठवत असेल, तर मीच का विसरायचं?

देश स्वतंत्र होणार होता त्या वर्षी मी हैदराबादेत कॉलेजला आलो. परभणीकडचा शेतकऱ्याचा मुलगा. नल्लकुंट्यात मराठी मुलांचं एक छोटं बोर्डिंग होतं, तिथं माझी वळकटी पडली. वर्गात सगळं उर्दूतून चालायचं आणि माझी उर्दू तलाठ्यापुढं उभं राहण्यापुरती. तोंड उघडलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची. कपडे धड नव्हते, ओळखीपाळखी नव्हत्या. एक गोष्ट मात्र होती. आमच्याकडं बैल दावं तोडून उधळला की त्याला गाठायला मला हाक मारत. मी पळायचो, आणि माझ्याइतकं पळणारं दुसरं कुणी मी तोवर पाहिलं नव्हतं.

हैदराबादेत तेव्हा फुटबॉलचं वेड होतं. संध्याकाळ झाली की मैदानाच्या कडेला सायकली आडव्या टाकून माणसं बसायची. त्यात रिक्षावाले असत, कचेरीतले कारकून असत, शेरवानीतले वकीलही असत. खेळाडू बहुतेक अनवाणीच. घोट्यांना पट्ट्या आवळून बांधायच्या आणि उतरायचं. कॉलेजच्या टीममध्ये जो असे त्याची उर्दू कशी आहे हे कुणी विचारत नसे. म्हणून मला टीममध्ये जायचं होतं. दुसरी वाट मला दिसतच नव्हती.

नवी पोरं निवडायची आमच्या मास्तरांची एकच रीत होती. कप्तान बॉल घेऊन थोडा पुढं उभा राहायचा आणि नवा पोरगा त्याच्या मागं. शिट्टी झाली की कप्तान बॉल पायानं ढकलत गोलकडं सुटायचा. गोलची रेघ यायच्या आत नव्या पोरानं त्याच्या पाठीला हात लावायचा. लागला तर टीममध्ये, नाही लागला तर पुढच्या वर्षी या. मात्र हात नुसता टेकवायचा. धक्का दिला की कायमचं बाद. मास्तर गोलच्या रेघेवर उभे राहून बघायचे. कुणी कुरकुर केली की म्हणायचे, "बॉल मारना मैं सिखातूं मियाँ. पाँव माँ के पेट से लाना पड़ता."

कप्तान आमच्यातलाच, मराठी. पण शहरातल्या जुन्या घराण्यातला. आजोबा सरकारी महसुलात मोठ्या हुद्द्यावर होते, वडील वकील. त्याची मराठी चोपून नेसलेल्या धोतरासारखी होती आणि उर्दू तिच्याहून सफाईदार. दोन वर्षांत त्याच्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता आणि हे तो स्वतः सांगत फिरायचा. मला त्यानं पहिल्या दिवशी 'गाववाले' अशी हाक मारली. मला तीही आवडली होती, हे आज सांगायला लाज वाटते.

निवडीचा दिवस ऑगस्टातला. दिल्लीत झेंडा चढायचे ते दिवस. आमच्या संस्थानात तो चढवायची सोय नव्हती, आणि बोर्डिंगमधली मोठी मुलं दार लावून त्यावरच बोलत असायची. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मैदानावर त्या दिवशी खुर्च्या मांडल्या होत्या. कप्तानाचे वडील दोन स्नेह्यांना घेऊन मुलाचं पळणं बघायला आले होते. माझ्या आधी पळालेल्या पोरांना तो दोन हातांवर ठेवून हसत हसत सुटला होता.

माझी पाळी आली. शिट्टी झाली आणि मला समोर फक्त एक बनियन दिसत होतं, घामानं पाठीला चिकटलेलं. गोल अजून बराच लांब होता तेव्हाच मी त्याला गाठलं. हात पुढं केला आणि टेकवला. तळव्याला ओल लागली. पुढच्या क्षणी तो खाली होता. खांद्यावर पडून एक गिरकी घेतली, बॉल एकीकडं, तो एकीकडं. तो उठून बसला, खुर्च्यांकडं एकदा पाहिलं आणि अगदी शांतपणे मास्तरांना म्हणाला, "इसने धक्का दिया, साब."

मास्तर माझ्यापाशी आले. "दिया क्या?"

मला पुष्कळ सांगायचं होतं. तोंडातून एवढंच आलं, "हात लगाया."

"हाथ लगाने से कौन गिरता मियाँ?" मास्तर म्हणाले, आणि सायकलींकडचे लोक हसले. खुर्चीतले वकीलसाहेब हसले नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली, खालच्या कोर्टातल्या साक्षीदाराकडं बघून हलवतात तशी. मी कायमचा बाद झालो.

त्यानंतर कॉलेजात माझं नाव 'धक्का' पडलं. इराण्याच्या हॉटेलात मी शिरलो की कुणीतरी म्हणायचं, "बाजू हो रे, धक्का आया." कप्तान त्या टेबलावर असला तर तोंड फिरवून चहा प्यायचा. त्यानं एकदा जरी हसून टाळी दिली असती तरी माझा राग एवढा मुरला नसता. तोंड फिरवायचा म्हणून मुरला.

याहून वाईट एक गोष्ट होती, ती मी कुणाला सांगितली नाही. मलाच शंका यायला लागली. शेतातल्या कामानं झालेला हात. मला टेकवल्यासारखा वाटला, पण त्या वेगात खरंच किती जोरानं गेला कोण जाणे. बोर्डिंगमध्ये माझ्या शेजारी झोपणाऱ्या मुलाला मी व्हरांड्यात पळायला लावायचो आणि मागून जाऊन हात लावायचो. आधी हलका, मग जरा जास्त. तो म्हणायचा, "अरे, माझी पाठ आहे का दाराची कडी?" तो कधी पडला नाही. पण तो काही जीव तोडून पळत नव्हता, त्यामुळं माझी शंका जशीच्या तशी राहिली.

पुढचं वर्ष कसं गेलं ते त्या काळातल्या माणसांना सांगायला नको. गावागावांतून वाईट बातम्या यायला लागल्या. ज्यांना जमलं त्यांनी बायकामुलं नागपूर-सोलापूरकडं पाठवली. बोर्डिंगमधली कितीतरी मुलं कॉलेज सोडून लढ्यात गेली. मीही गेलो होतो असं सांगितलं तर आज खोटं ठरवायला कुणी उरलेलं नाही. पण मी गेलो नाही. मी राहिलो, आणि देशासाठी राहिलो नाही. कप्तानाचं घर नागपूरला काकांकडं गेलं होतं, आणि ते एक दिवस परत येणार होतं.

अर्धी टीम शहर सोडून गेल्यावर मास्तरांना माणसं कमी पडली. एका सकाळी ते सायकल घेऊन बोर्डिंगच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "क्या रे धक्के, खेलने आता क्या?" कायमचं बाद म्हणजे किती दिवस, ते मला त्या सकाळी कळलं. मी पट्ट्या घेऊन निघालो. चार-सहा महिन्यांत टीममध्ये माझ्याइतकं कुणी पळत नाही हे मास्तरांनी मान्य केलं. मग नव्या पोरांच्या पुढं बॉल घेऊन सुटायचं काम माझ्याकडं आलं.

आता पाठ माझी होती आणि हात दुसऱ्यांचे. तेव्हा मला ते कळलं जे व्हरांड्यात कळलं नव्हतं. भरधाव पळणाऱ्याच्या पाठीला हात लागला तर त्याला तो जेमतेम जाणवतो. एका आडदांड पोरानं मला चक्क ढकललं, तरी मी लगेच आपटलो नाही. दोन-तीन पावलं भेलकांडत पुढं गेलो आणि मग तळहातांवर पडलो. हातच आधी जातात, माणूस ते थांबवू शकत नाही. कप्तान खांद्यावर पडला होता. जागच्या जागी पडला होता, आणि त्याचे तळवे कोरे होते.

म्हणजे काय ते मला दिसत होतं, पण खात्री पटत नव्हती. एकेक माणूस वेगळा पडत असेल. मग मी वेगळंच सुरू केलं. पहाटे मैदानावर कुणी यायच्या आत मी पळायचो आणि खांद्यावर पडायचो. गुडघा सैल सोडायचा, हात पोटाशी घ्यायचा, गिरकी घ्यायची. पहिले काही दिवस कोपरं सोलून निघाली. मग जमायला लागलं. इतकं जमलं की लांबून बघणाऱ्यानं शपथेवर सांगावं, याला कुणीतरी पाडलं. बोर्डिंगमधल्या मुलांना वाटायचं मी सराव करतोय. करतच होतो.

पोलीस अ‍ॅक्शन झाली, चार-पाच दिवसांत सगळं उलटंपालटं झालं. लोक परत यायला लागले. मैदानाच्या कडेला पुन्हा सायकली दिसायला लागल्या. कॉलेज सुरू झालं तेव्हा मास्तरांनी सांगून टाकलं की मागची टीम मोडली, वर्षभर जे इथं नव्हते त्या सगळ्यांनी पुन्हा पळायचं. जुना कप्तान असला तरी. ते ऐकलं त्या रात्री मी पोटभर जेवलो आणि छान झोपलो.

तो आला. काकूच्या हातचं खाऊन जरा सुटला होता, पण पाय तेच होते. पट्ट्या बांधताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. या खेपेला खुर्च्या नव्हत्या. वडील कुठं सायकलवाल्यांच्या मागं उभे असतील तर मला दिसले नाहीत, आणि दिसले असते तर बरं वाटलं असतं. टीममध्ये परत यायचं तर त्याला माझ्या पाठीला हात लावायचा होता. आणि तो लागला की मी पडणार होतो. मग उठून बसणार होतो आणि त्याचेच शब्द त्याच्याच आवाजात मास्तरांना सांगणार होतो. ते मी वर्षभर घोटून पाठ केले होते.

शिट्टी झाली. पहिली काही पावलं मी मनापासून पळालो, कारण लगेच हळू झालो असतो तर मास्तरांनी ओळखलं असतं. मग बॉल जरा लांब ढकलल्यासारखा केला आणि वेग थोडा थोडा सोडला. मागून त्याचे पाय ऐकू यायला लागले, मग श्वास. तो जवळ आला. इतका जवळ की त्याच्या तोंडातून निघालेली वाफ माझ्या मानेला लागत होती. मी गुडघा सैल केला, हात पोटाशी आणला आणि वाट बघितली.

हात आला नाही. मी आणखी हळू झालो. इतका हळू की घरचा बैलही मला ओलांडून गेला असता. तो ओलांडून गेला नाही आणि हातही आला नाही. मी मान जराशी वळवून पाहिलं तर तो माझ्या खांद्याच्या अगदी मागं होता, आणि त्यानं दोन्ही हात मुठी आवळून स्वतःच्या छातीशी धरले होते. तसेच आम्ही रेघेपलीकडं गेलो. शिट्टी झाली.

"क्या हुआ?" मास्तरांनी विचारलं.

"नहीं पहुँचा, साब," तो म्हणाला.

समोरून बघणाऱ्या मास्तरांना आम्ही दोघंही दमलेलेच दिसलो असणार, म्हणून त्यांना ते खरंच वाटलं. त्यांनी पुढच्या पोराला बोलावलं. जुना कप्तान मैदानाबाहेर जाऊन नळापाशी बसला आणि पट्ट्या सोडायला लागला. मी मास्तरांकडून पाणी प्यायची सुट्टी मागून घेतली आणि त्याच्यामागं गेलो.

"पोचला होतास," मी म्हणालो. "हात का नाही लावलास?"

तो खाली बघून पट्टी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "लावला असता तर तू पडला असतास."

मी कुणाला सांगितलं नव्हतं. पहाटेचं माझं पडणं त्यानं पाहिलं नव्हतं, तो तर नागपुरात होता. हे फक्त त्यालाच सुचू शकत होतं ज्यानं स्वतः एकदा करून दाखवलं होतं. माझ्या हाताचा दोष नव्हता. वर्षभर छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं, आणि जो आनंद झाला त्यात दयेचा थेंब नव्हता. त्याची टीममधली जागा गेली, कप्तानी गेली, आणि ते सगळं त्यानं आपल्या हातानं घालवलं होतं, हात न लावून.

"चल, हे मास्तरांना सांग," मी म्हणालो.

"सांगणार नाही," तो म्हणाला. मग पहिल्यांदा वर बघून त्यानं विचारलं, "पडला असतास ना?"

"हौ," मी म्हणालो. "पडलोच असतो. आणि तुझ्याहून बरा पडलो असतो."