पाच पंजांचं पेव

निजामी गेल्यावर आमच्या गावात मी पहिलं काम केलं ते पाटलाच्या एका शब्दाच्या जागी पाच माणसं बसवण्याचं. हुमनाबादेत चार इयत्ता जास्त शिकून आलो होतो, वय पंचविशीचं, आणि तोंड फार चालायचं. पाचांचा कारभार असा: सुगीत घरटी ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, ती गावच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खोल खड्ड्यात भरायची, आणि भादव्यात ज्यांच्या घरात दाणा उरत नाही त्यांना वाटायची. तसली घरं आमच्याकडे विसेक होती.

पेव बुजवलं की तोंडावरच्या ओल्या चिखलात पाचांनी आपापला पंजा उमटवायचा. ते पाचही हजर असल्याशिवाय पेव उघडायचं नाही. युक्ती माझीच. पाचांत मी, तीन वयस्क शेतकरी आणि कुंभारगल्लीतली एक विधवा अक्का. बाईमाणूस घेतलं म्हणून कुरकुर झाली, पण मी कुणाचं ऐकलं नाही. कुणाचंच न ऐकता मी सगळ्यांना कारभारी करत होतो, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

बैठकीत मी विचारायचो, "बोला, काय करायचं?" तिघं माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. अक्का तेवढी बोलायची. एकदा तिनं माझा बेत चारचौघांत खोडून काढला, तेव्हा मी म्हणालो, "अक्का, तुम्हाला नुसतं आडवं बोलता येतं." ती गप्प झाली आणि मला बरं वाटलं.

तिसऱ्या वर्षी ऐन भादव्यात बीदरहून बोलावणं आलं. एकट्या पुढाऱ्याशिवाय गाव कसं चालतं, ते मी येऊन सांगायचं. मी आल्यावर पेव उघडू, असं सांगून दोन दिवसांसाठी गेलो. भाषण रंगलं, मग मैलूरच्या लोकांनीही बोलावलं, आणि मी आठ दिवस राहिलो. ओढ्याला पूर होता असं पुढे सांगत असे. पूर दुसऱ्याच दिवशी ओसरला होता.

परतलो तर अक्का वेशीतच उभी. पावसाचं पाणी पेवात मुरलं होतं आणि चार दिवसांपासून आंबूस वास येत होता. धावत गेलो, पाचांसमोर पेवाचं तोंड फोडलं. आतली ज्वारी काळी पडून तिचा गोळा झाला होता.

"कामून उघडलं न्हाई?" मी तिच्यावरच ओरडलो.

"तिघांच्याबी दारात गेले. मी म्हणले, आत्ता उघडू, निम्मं तरी हाती लागंल. ते म्हणले, पाचवा येऊ द्या."

"मग तुम्ही एकटीनं फोडायचं!"

"अन ज्वारी चांगली निघाली असती तर? तुमीच म्हणला असता, कुणाला इचारून फोडलं?"

मी तसंच म्हणालो असतो. मला तिचा इतका राग आला की मी तिथून निघून गेलो.

सुगीला दोन महिने होते. बायकांनी ती सडकी ज्वारी धुऊन वाळवून दळली आणि पोरांना हगवण लागली. कुंभारगल्लीतल्या चार घरांना कड्या लागल्या. अक्काही दोन लेकरं घेऊन कामाच्या शोधात उदगीरकडे गेली. जाताना मला भेटली नाही, आणि खरं सांगायचं तर मीही त्या दिवशी घराबाहेर पडलो नाही.

दसऱ्यानंतर उरलेल्या तिघांना बोलावलं. म्हटलं, "चूक माझी झाली. मी आता बाजूला होतो. यापुढं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी त्यातला थोरला हात जोडून म्हणाला, "अण्णा, तुमी म्हणताव तर ठरवू की. काय ठरवायचं तेवढं सांगा."