साप चावून गेलेली

नवरा गेला तेव्हा मुलगी नुकती चालायला लागली होती. एड्सवर औषध निघालं होतं, पण आमच्या जिल्ह्यात पोचलं नव्हतं. ते मोठ्या शहरात मिळायचं, आणि तिथवर जायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. शेवटी तोंडभर पांढरे चट्टे आले, पाणीसुद्धा गिळवेना. सासूनं त्याचं ताट-तांब्या उकिरड्यावर टाकलं आणि तेराव्यानंतर मला म्हणाली, "तुझं बी तेच व्हणार. आमच्या दारात मरू नको."

मी मुलीला घेऊन कळंबला माहेरी आले. भावानं दोघींची तपासणी करवली. मला निघालं, मुलीला नाही.

डॉक्टर म्हणाले, "रोगाशी लढणाऱ्या तुमच्या पेशी अजून चांगल्या आहेत. खाली आल्या की गोळ्या सुरू करू." तेव्हा नियमच तसा होता. आधी खंगायचं, मग औषध. मी खंगले, तोवर गोळ्या जिल्ह्यात आल्या होत्या. त्यांनी जीव वाचला, पण गाल आत गेले, हातापायाच्या शिरा वर आल्या, तळपायांची आग व्हायची. बाजारात लोक तोंड बघूनच ओळखायचे. मी शिवणकाम करायची. बायका येईनाशा झाल्या. एकीनं मापाचं ब्लाउज परत नेलं, ते चिमटीत धरून.

पुढं औषधं बदलली. आता रोग कळला की लगेच सुरू करतात, आणि दिवसाला एकच गोळी. माझ्या रक्तात आता विषाणू सापडत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्यापासून कुणाला काही होणार नाही. गोळी मात्र सोडू नका." गाल काही भरून आले नाहीत.

मुलीला अणदूरचं स्थळ आलं. त्यांच्या कानावर कुणीतरी घातलंच. त्यांनी मुलीची तपासणी मागितली, आम्ही करून दिली. मग विहीणबाई घरी येऊन म्हणाल्या, "पोरीत खोट न्हाय, करून घेतो आमी. पण लग्नात तुमी दिसायच्या न्हाय."

मी मुलीकडं पाहिलं. ती नखावरचा रंग खरवडत होती. मंडळी गेल्यावर म्हणाली, "आई, मला हे लग्न करायचंय."

कन्यादान भाऊ-भावजयीनं केलं. त्या दिवशी मी मशीनवर बसून उशांच्या खोळी शिवल्या.

नातू झाल्याचं भावाकडून कळलं. बारशाचं बोलावणं आलं नाही. बारसं उरकल्यावर मी झबली शिवून नेली, तुळजापूरला एसटी बदलून. ओसरीवर पाहुण्या बायका बसल्या होत्या. "ह्या कोण?" एकीनं विचारलं.

"सूनबाईच्या माहेरच्या शेजारीण हायेत," विहीणबाई म्हणाल्या.

एक म्हातारी हळहळली, "बरं केलं बाई आलात. बिचारीला आई न्हाय. आज माय असती तर लई बरं वाटलं असतं बघा."

मुलगी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान वर केली नाही. मी हात पुढं केले.

"झोपलाय," ती म्हणाली.

बाळ डोळे उघडे ठेवून माझ्याकडं बघत होतं.

निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली. हळूच म्हणाली, "त्यांनी सगळ्यांना सांगितलंय, तू गेलीस म्हणून."

"कशानं गेले?"

"साप चावून."

"आन् तू काय सांगतीस?"

"मीपण तेच सांगते. सोपं जातं." मग तिनं झबल्यांची पिशवी माझ्या हातात परत दिली. "सासूबाई घालू देणार नाहीत. आणि आई, सारखी येऊ नकोस."

मी पिशवी काखेत धरली. ती आत गेली, आणि ओसरीवर कुणीतरी तिला विचारलं, "गेल्या का त्या बाई?"

घरी आले तेव्हा भूक लागली होती. भाकरी खाल्ली, गोळी घेतली. डॉक्टरीणबाई म्हणतात, अशीच घेत राहिलात तर म्हातारपण बघाल.