कार्ब्युरेटर शेवटी

“समदी आधी कार्ब्युरेटरचंच नाव घेत्यात, म्हणून आपण त्याला शेवटी हात लावायचा,” असं प्रसेनजीत एकदा म्हणाला होता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कृष्णातच्या गॅरेजात तो तरुणपणापासून याच नियमानं काम करत आला. शेजारी लेथ, पलीकडे फौंड्री. त्या गदारोळातही इंजिन कुठं अडखळतंय ते तो बॉनेटवर तळहात टेकून ओळखायचा. मग प्लगच्या वायरी एकेक करून काढायच्या, कुठून हवा ओढली जातेय का पाहायचं, टाकीपासून पेट्रोलची वाट तपासत यायचं. सगळे निर्दोष सुटले तरच कार्ब्युरेटर खोलायचा. गॅरेजची जागा कृष्णातची होती, नाव प्रसेनजीतच्या हातानं झालं होतं.

त्या दिवशी राधानगरीकडच्या विजयसिंहाची जुनी पेट्रोल जीप आचके देत दारात आली आणि बंद पडली.

“मागल्या आठवड्यात कार्ब्युरेटर साफ करून नेला तुमच्याकडनं,” तो उतरता उतरताच ओरडला. “काल चांगली हुती, आज बिथरल्या घोड्यागत करतीया.”

“बघतो की दादा.”

“बघायचं काय हाय? माझा ओरिजिनल काढून दुसरा ठोकलाय. जुनी जीपवाली त्याच्यासाठी जीव टाकत्यात, मला ठावं न्हाय व्हय?”

कृष्णात हसला. “कोण काढंल दादा?”

“तुझा त्यो माणूस.”

विजयसिंह कैक वर्षं गाडी आणत होता. पण प्रसेनजीतचं आडनाव कळल्यापासून त्यानं त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती.

शेजारचा लेथ थांबला. लोक दारात येऊन उभे राहिले. प्रसेनजीतनं कुणाकडं पाहिलं नाही. जीप कशीबशी चालू करून त्यानं एक वायर काढली. इंजिन आणखी खचलं, म्हणजे तो प्लग काम करत होता. ती लावून दुसरी काढली. तसंच.

“एका जागंला न्हाय, समदीकडं फिरतंय,” तो म्हणाला. “प्लगचं न्हाय हे. पेट्रोलकडं बघतो.”

जीप बंद करून तो फिल्टरकडं वाकला.

“थांब,” कृष्णात म्हणाला. “कार्ब्युरेटर खोल.”

“भावा, आधी फिल्टर...”

“खोल म्हटलं की!”

प्रसेनजीत सरळ उभा राहिला. त्याचे हात खालीच राहिले.

“झाकणाच्या आतल्या कडंला माझ्या वडलांनी कानशीनं खाच पाडल्याली हाय,” विजयसिंह म्हणाला. “दाव मला ती.”

कृष्णातनं स्वतःच स्क्रूड्रायव्हर उचलला. घाईघाईनं स्क्रू ढिले केले. बिघाड काय आहे हे त्याला पाहायचंच नव्हतं. झाकण निघताच त्यानं ते उलटं केलं, अंगठ्यानं कड पुसली, उजेडाकडं धरली.

खाच होती.

कृष्णातनं श्वास सोडला. गॅरेजात इतकी शांतता होती की तो सगळ्यांना ऐकू आला. प्रसेनजीतलाही.

मग कृष्णातनं खालच्या वाटीत डोकावून पाहिलं. पेट्रोलच्या तळाशी पाण्याचे मणी लोळत होते, त्यांच्याभोवती पांढरट चिकट थर.

“दादा, पेट्रोल कशातनं घातलासा?”

“पंप लांब पडतोय. घरात भरून ठेवतो कॅनात.”

“कसल्या कॅनात?”

“डेअरीच्या. दुधाच्या.” विजयसिंहाचा आवाज उतरला. “थोरली आक्का इसळून ठेवती की रोज...”

“इसळलेलं पाणी तळाला ऱ्हायलं, वरनं तुम्ही पेट्रोल भरलं.”

विजयसिंह मोठ्यानं हसला. “म्हंजे गाडी दूध पिऊन आली म्हणायची! कोल्हापूरची ना, पैलवानावाणी!” दारातली माणसं हसली. कृष्णातही हसला, जरा जास्तच.

“बघ प्रसेन, दादा उगंच तापलं हुतं. त्यास्नी पटावं म्हणून खोललं मी.”

प्रसेनजीतनं टाकी रिकामी केली. नळी फुंकून काढली. फिल्टर बदलला, काढलेल्या फिल्टरच्या काचेतही तेच पाणी होतं, कार्ब्युरेटर न खोलताही दिसलं असतं असं. वाटी पुसली, जेट साफ केले, झाकण बसवलं. ताजं पेट्रोल घालून जीप चालू केली आणि बॉनेटवर तळहात टेकला. इंजिन एका लयीत चालत राहिलं.

“तुझा हात म्हंजे हात, कृष्णात,” म्हणून विजयसिंह गेला. लेथ पुन्हा सुरू झाला.

“चल, जेवूया,” कृष्णात म्हणाला. प्रसेनजीत रॉकेलनं हात धूत होता. “राग आला व्हय? अरं, लोक जमलं हुतं. काय करू मी? तुझ्यावर संशय आसता तर एवढी वर्षं ठेवला आसता का?”

‘ठेवला’ हा शब्द तोंडातून गेल्यावर कृष्णात थबकला. “तसं न्हवं भावा... शिव्या घाल की मला. पर बोल.”

प्रसेनजीतनं हात कोरडे केले. कळकट शर्ट काढून धुतलेला घातला, सावकाश सगळी बटणं लावली. स्वतःचे पाने फडक्यात गुंडाळून काखेत धरले आणि तो बाहेर पडला.