हात वर करण्याचा नियम

अंबरनाथच्या आमच्या रंगांच्या कारखान्यात नवे जनरल मॅनेजर आले, ते अमेरिकेतून एक लांबट चेंडू घेऊन. तोवर क्रीडादिनाला कबड्डी आणि लिंबू-चमचा पुरत असे. त्या वर्षी, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, ऑफिसर विरुद्ध कामगार असा अमेरिकन फुटबॉल ठरला. जर्सी उल्हासनगरात शिवल्या. आतल्या लेबलावर मात्र अमेरिकाच होती.

साहेबांनी सगळे नियम सांगितले, पण रमले एकाच नियमात. समोरच्यांनी उंच मारलेला चेंडू पकडण्याआधी हात वर केला, तर त्या माणसाला कोणी धक्का लावायचा नाही. मग तिथूनच गोलवर बिनविरोध किक. समोरचे सगळे दहा यार्ड लांब. खांबांमधून गेली की तीन गुण.

"अमेरिकेतसुद्धा हे फारसं कोणी वापरत नाही," साहेब अभिमानाने म्हणाले.

न वापरला जाणारा नियम इतका आवडणं मला बरं लक्षण वाटलं नाही. पण मी प्रयोगशाळेत टेबलाशी बसायचो, म्हणून ऑफिसरांच्या बाजूला होतो.

कामगारांकडून खरवई गावचा एक बदली कामगार खेळत होता. बदली कामगारांनी रोज सकाळी गेटवर जमायचं. टाइमकीपरने बोट दाखवलं तर आत, नाहीतर घरी. आपण दिसावं म्हणून सगळे हात वर करत. कित्येक वर्षं अशी काढल्यावर त्या महिन्यात त्याला पर्मनंट करतील, असं बोललं जात होतं. सही साहेबांची लागणार होती.

शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. मी चेंडू उंच मारला. खाली तो बदली उभा होता. नियम आठवून की गेटच्या सवयीने कोण जाणे, त्याने हात वर केला आणि चेंडू झेलला. साहेब धावत आले ते थेट त्याच्या छातीवर. दोघेही धुळीत.

शिट्टी पर्सोनेल ऑफिसरच्या तोंडात होती. त्यांनी आधी साहेबांकडे पाहिलं.

"रूल इज रूल," साहेब पँट झटकत म्हणाले. "किक त्याची."

ऑफिसरांनी या मोठेपणावर टाळ्या वाजवल्या. कामगारांचा फोरमन चेंडू धरायला गुडघ्यावर बसला.

"बाहेर मार रे."

"का?"

"सगळ्यांदेखत साहेब आपटले. आता हरवतोस पण?"

"साहेबच बोलले ना, रूल."

"ते बोलायला असतं, येड्या."

रंगाने निळा पडलेला पाय मागे गेला. चेंडू खांबांच्या बरोबर मधून गेला. कामगारांतून एकही आरोळी उठली नाही. साहेब एकटे टाळ्या वाजवत राहिले, खूप वेळ. पत्र्याच्या शेडवरून त्या परत ऐकू येत होत्या.

सोमवारी मी आत शिरताना तो गेटवर होता, हात वर. टाइमकीपरचं बोट त्याच्या डावीकडे गेलं, मग उजवीकडे. दुसऱ्या दिवशीही तसंच. आठवड्याअखेर बाकीचे बदली शहाणे झाले. ते सरकून लांब उभे राहू लागले. दहा यार्ड सहज असतील. मधल्या मोकळ्या जागेत तो एकटा, हात वर करून.