भांबुर्ड्याचा भारा आणि खुडूक कोंबडी

पुण्याहून लोणावळ्याच्या गाडीत बसलो तेव्हा पिशवीत भिंग होतं आणि डोक्यात रात्रभर वाचलेलं वनस्पतिशास्त्र. लोहगडाच्या पायथ्याच्या सुवासिक रानपाल्यांची ओळख करून घ्यायची, जमलं तर गडही चढायचा, असा बेत. मळवलीला उतरून चढाला लागलो आणि वाटेकडेचं प्रत्येक पान चुरगाळून हुंगत निघालो. गडावरून उतरणाऱ्या पोरींनी मला लांबूनच वाट दिली. आदरानं दिली, अशी मी समजूत करून घेतली.

लोहगडवाडीत एका टपरीवर कांदाभजी मागवली. टपरीवाल्या मावशी भजी तळता तळता सारख्या मागच्या पडवीकडे बघत होत्या. तिथं पाटीत खुडूक (अंडी उबवायला बसवलेली) कोंबडी होती. पण ती बसेना. उठायची, पिसांत चोच खुपसून खाजवायची.

"पिसवा झाल्यात तिला," मावशी म्हणाल्या. "आज-उद्या पिल्लं निघायची, आन् ही बया उठाय लागली. बाकीच्या कोंबड्या मुंगसानं नेल्या, भाऊ. हीच एक राहिलीय."

"मग उपाय?"

"पाटीत भांबुर्डा घालायचा. उग्र वासानं पिसवा पळत्यात. पर गिऱ्हाईक सोडून जाऊ कशी?"

भांबुर्डा! (मऊ लव असलेलं, पिवळ्या गोंड्यांचं, कापरासारख्या वासाचं झुडूप.) याच्यावर तर मी अख्खं पान वाचलं होतं! भजी तशीच टाकून भातखाचराच्या बांधावर धावलो आणि काखेत मावेना एवढा भारा घेऊन आलो. मावशी गिऱ्हाइकांत गुंतलेल्या. मी आपला सगळा पाला पाटीत दाबून कोंबला. औषध आहे, जास्त घातलं तर जास्त लागू पडेल!

कोंबडीनं एकदा हुंगलं आणि किंचाळत सरपणाच्या ढिगावर चढली.

मावशी धावत आल्या. "आरं द्येवा! मूठभर लागतो, भाऊ! बैलाला वैरण टाकलीय व्हय ही? धरा ती अंडी पोटाशी. गार पडली तर समदं गेलं!"

त्या पाला उपसू लागल्या. मी चुलीजवळ मांडी घालून, अंडी स्वेटरात घेऊन, श्वास रोखून बसलो. एका ट्रेकरनं विचारलं, "काका, तुम्ही कधीपासून बसलाय?"

"त्येंना हलवू नगा," मावशी म्हणाल्या, "खुडूक हायेत!"

सगळी टपरी हसली. मला मात्र हसायचीही भीती. पोट हललं तर?

आणि पोटापाशी टक्‌ झालं. मग कवचाच्या आतून बारीक, चिडका चिवचिवाट. ढिगावरची कोंबडी एकदम गप्प झाली. मान वाकडी करून ऐकलं, खाली उतरली, थेट माझ्या मांडीशी आली आणि मनगटावर सणसणीत चोच मारली. जागा सोडा, एवढाच त्याचा अर्थ. मावशींनी अंडी पाटीत ठेवली, कडेनं मूठभरच पाला खोचला. कोंबडी पिसं फुगवून बसली ती उठलीच नाही.

"बसली गं बाई!" म्हणत मावशींनी पदरानं तोंड पुसलं आणि माझ्यासमोर गरम भज्यांची नवी बशी ठेवली.

गड राहिलाच. परतीच्या गाडीत माझ्या वासानं समोरचे गृहस्थ दुसऱ्या बाकावर गेले. मी ऐसपैस पाय पसरले. पुस्तकात त्या पाल्याचे सगळे गुण दिले होते. किती घ्यायचा, तेवढं कोंबडीला ठाऊक होतं.

निघताना मावशींना नंबर देऊन आलो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "निघाली, भाऊ, समदी! आईच्या मागं फिरत्यात. एकच येडं गिऱ्हाइकांच्या मागं पळतंय. त्ये तुमचं असंल."

मी नाही म्हटलं नाही.